सॉमर्सवरची फाशी: कॅप्टनला दुसरा रस्ता नव्हता?

आडमाप: १ डिसेंबर १८४२. अमेरिकी आरमाराचं 'सॉमर्स' हे शिकाऊ पोरांचं जहाज आफ्रिकेहून परतत होतं. बंडाच्या संशयावरून कमांडर मॅकेंझीने तिघांना डोलकाठीच्या आडव्या वाशाला लटकवलं: १९ वर्षांचा मिडशिपमन (शिकाऊ अधिकारी) स्पेन्सर (बाप युद्धमंत्री!) आणि क्रॉमवेल व स्मॉल हे दोन खलाशी. कायद्याने कॅप्टनला स्वतःच्या अधिकारात १२च्या वर फटके मारता येत नव्हते, आणि इथे तीन जीव. कोर्ट मार्शल नाही. अधिकाऱ्यांनी आरोपींच्या पाठीमागे बसून मत दिलं, की झालं. माझ्या मते हा खूनच. सेंट थॉमस बंदर चार दिवसांवर होतं हो.

खारावारा: खुर्चीत बसून बोलायला काय जातं! जेमतेम १०० फुटांचं जहाज, त्यात १२० च्या आसपास माणसं, बहुतेक मिसरूड न फुटलेली. पहाऱ्याला मरीन सैनिकांची तुकडी नाही, धड कोठडी नाही. कैदी बेड्या घालून मागच्या डेकवर उघड्यावर. त्यातच डोलकाठीचा वरचा भाग कोसळला. रात्री कोण कुणाला सोडवेल याचा नेम नाही. ते चार दिवस तुम्ही काढले असते का?

आडमाप: डोलकाठी मोडणं हा पुरावा कसा? खरा पुरावा म्हणजे स्पेन्सरच्या दाढीच्या सामानात सापडलेली ग्रीक लिपीतली यादी. त्यात बंडासाठी 'पक्के' गडी वेगळे, 'डळमळीत' वेगळे. 'पक्क्यां'मध्ये वेल्सचं नाव, म्हणजे ज्याने या कटाची चहाडी केली तोच! क्रॉमवेलचं नाव मात्र यादीत कुठेच नाही. तरी तो फासावर. स्पेन्सर तर सगळी थट्टा होती म्हणत होता.

तटस्थराव: पण १८४३ मध्ये कोर्ट मार्शलने मॅकेंझीला सोडलं ना? युद्धमंत्र्याचा मुलगा गेला असतानाही.

आडमाप: न्यायाला बसले कोण? आरमाराचेच अधिकारी.

खारावारा: मग काय किराणा दुकानदार बसवायचे? आणि एक सांगा, या प्रकरणानंतरच पोरांना थेट समुद्रावर धाडण्याची पद्धत अंगाशी येते हे पटलं, १८४५ मध्ये अ‍ॅनापोलिसची नौदल शाळा निघाली.

तटस्थराव: फटके मात्र १८५० पर्यंत चालूच राहिले, हेही लिहा.

आडमाप: शाळा निघाली म्हणून क्रॉमवेलचं नाव यादीत येत नाही. त्यावर बोला.