वेलिंग्टनच्या 'ते पापा' म्युझियमला आईला न्यावं का?

फोंड्याची_लेक:
पुढच्या महिन्यात आई-बाबांना घेऊन भावाकडे न्यूझीलंडला चाललेय. वेलिंग्टनला जेमतेम दीड दिवस. भाऊ म्हणतो ते पापा बघाच, पण बाहेरच्यांना माणशी ३५ डॉलर तिकीट, त्याला मात्र फुकट कारण तो तिथलाच! आईचे गुडघे दुखतात. तिला म्हटलं तिथं जगातली सगळ्यात अवजड माणकी (स्क्विड) ठेवलीय, तर म्हणे त्या पैशात म्हापशाच्या बाजारातून दोन किलो आणून रवा लावून तळीन. जावं का?

मांडवीकाठ:
काकींना नमस्कार 😄 ती माणकी ४९५ किलोची आहे, २००७ मध्ये रॉस समुद्रात बोटीच्या गळाला लागलेला मासा ती खात होती, सोडेचना, म्हणून वर आली. पण खरं सांगू, टाकीत बघताना फिकट लिबलिबीत ढीग दिसतो. पहिल्या महायुद्धातल्या गल्लिपोलीच्या लढाईचं प्रदर्शन बघा, माणसापेक्षा २.४ पट मोठे पुतळे, एकीच्या चेहऱ्यावर रडून रडून आलेला थकवा असा की मी तिथंच उभा राहिलो.

सांग्याचा_बाब्या:
मी उलट सांगेन, आधी चौथ्या मजल्यावरच्या मराएवर, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी माओरींच्या सभेच्या जागी, जा (लिफ्ट आहे, गुडघ्यांची काळजी नको). माओरींचं सभागृह म्हणजे पूर्वजाचं शरीर, आढं म्हणजे कणा, वासे म्हणजे फासळ्या. जुन्या कोरीवकामात डोळ्यांच्या जागी 'पावा' नावाचा शिंपला बसवतात, तुम्ही सरकलात की तो निळा-हिरवा चमकतो. आपल्या गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी लावलेले शिंपले आठवले, फक्त ते आपल्याकडे बघत नाहीत! आणि काकींना हे नक्की सांगा की माओरीत जमिनीला 'फेनुआ' म्हणतात आणि वारेलाही तोच शब्द, बाळाची वार जमिनीत पुरतात. वारुळाला सातेरी, म्हणजे भूमाता, म्हणून हात जोडणाऱ्या बाईला हे समजावायला गाईड लागणार नाही.

वास्कोवाला:
बाबा इंजिनीअर वगैरे असतील तर इमारतीच्या खाली बघायला न्या, अख्खं म्युझियम शिसं घातलेल्या रबराच्या गाद्यांवर उभं आहे, भूकंपासाठी. हे तंत्र बिल रॉबिन्सन नावाच्या तिथल्याच माणसाने काढलं. वारा मात्र भयंकर, छत्री नेऊच नका, माझी उलटी होऊन समुद्रात गेली.

सांग्याचा_बाब्या:
अरे हो, मुख्य राहिलंच. त्यांच्या संग्रहात एक तमिळ घंटा आहे! १८३६ च्या सुमाराला कोलेन्सो नावाच्या मिशनऱ्याला दिसली, माओरी बायका त्यात बटाटे शिजवत होत्या. पितळेसारखी, वीतभरही नाही, खालचा काठ तुटलेला, त्यावर तमिळमध्ये 'मोहिदीन बक्षच्या जहाजाची घंटा' असं कोरलंय. तिथं कशी पोचली कोणालाच ठाऊक नाही. मांडणी बदलत असते, त्यामुळे आत शिरल्याशिरल्या डेस्कवर विचारा.

फोंड्याची_लेक:
बाबा पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेत, गाद्या ऐकून त्यांनी तिकीट स्वतः काढायचं कबूल केलं 🙏 आईला घंटेचं वाचून दाखवलं. ती विचारतेय, तुटकी घंटा, मग तळाला भोक नव्हतं का, पाणी राहायचं कसं?

सांग्याचा_बाब्या:
काकी, उलटी धरायची ना, तोंड वर!