फोटो लावायला बसता तेव्हा काय होतं? (अनुभव धागा)

शेवंती: जुना लॅपटॉप भंगारात देण्याआधी काल एकदा चालू केला, तर आत पिकासा (गुगलचं फोटो लावून ठेवायचं सॉफ्टवेअर) तस्संच! गुगलने 2016 मध्ये त्याचा गाशा गुंडाळला, पण या खोक्यात बिचारं अजून जिवंत. 2011 च्या मे महिन्यात, बाळंतपणाच्या रजेत, लेकीला मांडीवर घेऊन एकेका चेहऱ्याला नाव देत बसले होते. दारावरच्या गणपतीलाही त्याने चेहरा म्हणून धरलं आणि विचारलं, हे कोण? मी 'बाप्पा' असं टाकलेलं अजून आहे. तुम्ही कसे लावता फोटो?

भाकरवडी: लावतोय कसले. 'नवीन फोल्डर', 'नवीन फोल्डर 2', 'सगळे फोटो फायनल', 'फायनल खरंच'.

दहिसरकर: शेवंती, लॅपटॉप देऊ नका!! नुसत्या फोटोंच्या फाइली (जेपीजी) उचलल्यात तर चेहऱ्यांची नावं जातील. पिकासा ती प्रत्येक फोल्डरमधल्या 'पिकासा.आयएनआय' या लपलेल्या फाइलीत ठेवतं. पिकासाची 3.9 आवृत्ती असेल तर 'टूल्स'मधल्या 'एक्सपेरिमेंटल'मध्ये चेहरे फोटोतच लिहायची सोय आहे. तेवढं करा, मग डिजिकॅम नावाचं फोटो लावायचं सॉफ्टवेअर ते वाचतं. फुकट आहे.

निवांत: डिजिकॅमवरून आठवलं. भावाचं लग्न फेब्रुवारी 2007 चं, कॅमेऱ्यातले सेल काढून ठेवलेले, त्यामुळे सगळे फोटो 1 जानेवारी 2000 चे. अंतरपाट खाली येतानाचा फोटो शोधला, पत्रिकेवरचा मुहूर्त 12:23, तेवढा फरक काढून 412 फोटो एका फटक्यात सरकवले. जाम खूश. बायको म्हणाली, अहो, वहिनींची नथ सापडत नव्हती, अक्षता पडल्या तेव्हा पावणेएक वाजत आला होता.

भाकरवडी: 😂 म्हणजे पंगतही वीस मिनिटं आधी बसली.

ताकपोळी: भाकरवडी, नाव वाचून भूक लागली. पुण्याची की बडोद्याची?

भाकरवडी: बडोद्याची. आता भांडा.

माईंचीसून: आमच्याकडे वेगळंच. सासऱ्यांचे जुने फोटो दुकानातून स्कॅन करून आणले, त्यांवर तारीख स्कॅनची. 1989 साली गेलेले मामंजी आता 2018 च्या दिवाळीत फराळाच्या ताटावर बसलेत. माई म्हणाल्या राहू दे तसंच. मी हात लावला नाही.

शेवंती: माई ❤️

ओटीपी: व्हॉट्सॲपवरून आलेल्यांचं काय करायचं? काढल्याची तारीख त्यात उरतच नाही, नावात असते ती आल्या दिवसाची. मावशीचे गुलाब वेगळे. 1 जून 2021 पासून गुगलने फोटो 15 जीबीच्या फुकट जागेत मोजायला घेतले, तेव्हा कळलं की माझी निम्मी जागा 'शुभ सकाळ'ने भरलीय.

निवांत: मूळ फोटो मागून घ्या. आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, तारीख टिकते.

ताकपोळी: मावशीला डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगणारा माणूस अजून जन्मायचाय.

शेवंती: दहिसरकर, तुमचं ऐकून ते चेहरे लिहायचं लावलंय. पट्टी फार हळू सरकतेय, पंखा घरघरतोय. कुकर लावून येते.