सातमाळेची रेंज: दुसऱ्यांच्या डायऱ्यांवर किती विसंबायचं?

गंगापूररोडकर
दिवाळी झाली की नाशिक जिल्ह्यातल्या सातमाळ डोंगररांगेतले किल्ले, अचला ते चांदवड, सलग चालायचं ठरवलंय. अचला, अहिवंत, मार्कंड्या, रावळ्या-जावळ्या, धोडप, कांचना आणि पुढे राजदेहेर, इंद्राई. सहा दिवस धरलेत. तयारीचा सगळा भार आधी जाऊन आलेल्यांच्या डायऱ्यांवर आहे. पाच जणांच्या वाचल्या आणि वहीत गावागणिक उतरवून काढल्या. कोण कुठे चुकलं, पाणी कुठे संपलं हे माहीत नसताना सॅक उचलणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. विरोधी मत असेल तर तेही मोकळेपणाने मांडा.

पंचवटीकर
माझं विरोधीच आहे. 'हट्टीतून धोडप दीड तास' असं वाचून आम्ही दुपारी तीनला निघालो होतो. लिहिणारा रोज पांडवलेणी चढणारा गडी असावा, आणि आमच्या पाठीवर चार दिवसांचा शिधा. नोव्हेंबरात सहाच्या सुमारास उजेड जातो. वरच्या गुहेपाशी पोचलो तेव्हा मिट्ट काळोख होता, आणि बरोबरचा एक जण थंडीतापाने कुडकुडत होता. त्या दीड तासात लिहिणाऱ्याचे पाय होते, आमचे नव्हते. हट्टीतल्या एखाद्या गुराख्याला विचारलं असतं, तर सॅककडे बघूनच तो म्हणाला असता, आज गावातच टेका.

चांदवडची लेक
दादा, गावात विचारायचं हे खरंच. पण 'ही काय, टेकाडामागंच' म्हणून सांगितलेली वाडी दोन तासांनी येते, हाही अनुभव आहे. शिवाय आम्ही चौघी मुलीच निघालो होतो. रात्री कुठल्या देवळात पथारी टाकायची, आडोसा कुठे मिळेल, हे अनोळखी गावात पारावर बसलेल्यांना कसं विचारणार? एका ताईच्या डायरीत होतं: देवळात मुक्काम केलात तर पहाटे काकड्याला माणसं येतात, त्याआधी आवरून घ्या. या एका वाक्याच्या जोरावर घरच्यांनी आम्हाला सोडलं.

पंचवटीकर
ताई, हे मान्य. मुक्कामाच्या बाबतीत माझा हट्ट नाही. पण पाण्याचं काय? 'टाक्यात पाणी आहे' एवढंच लिहितात. ते डिसेंबरात होतं की एप्रिलात?

नाशिकरोडचे काका
पाण्याइतकाच वाटेलाही महिना लागतो. जानेवारीतल्या डायरीत 'मळलेली वाट' असते, कारण तोवर गवत वाळून आडवं झालेलं असतं, कुठे कुठे वणव्यात जळूनही गेलेलं असतं. दिवाळीला त्याच वाटेवर कमरेइतकं गवत. पाऊल दगडावर पडतंय की खड्ड्यात, ते दिसत नाही. मोज्यात घुसलेली कुसळं संध्याकाळी एकेक करून उपटत बसावं लागतं. घोट्याला टोचून रक्त येतं. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात चाललेल्यांच्याच डायऱ्या घ्या. आणि यंदा परतीचा पाऊस कसा पडतोय त्यावर लक्ष असू द्या. कड्यावर आग्या मोहोळ असल्याचं कुणी लिहिलं असेल, तर ती ओळ लाल शाईने लिहा. तिथे धूर करायचा नाही, अत्तर-डिओ लावायचा नाही.

गंगापूररोडकर
काका, वही पुन्हा उघडली. पाचपैकी दोन डायऱ्या जानेवारीच्या निघाल्या. त्यांतल्या वाटा खोडल्या, मुक्कामाची माहिती तेवढी ठेवली. पंचवटीकर, चढाईच्या प्रत्येक वेळेत निम्मा वेळ वाढवला, त्यामुळे सहाचे सात दिवस झाले. धोडप सकाळीच चढणार. पण डायऱ्या सोडणार नाही. गुराख्याला काय विचारायचं हेच मुळात त्या वाचून कळलं. नाहीतर मी 'गड कुठाय' एवढंच विचारलं असतं.

पंचवटीकर
सात दिवस केलेत, बरं वाटलं. बाकी माझं मत तेच आहे. राजदेहेरची शिडी कशी आहे, हे मात्र वहीत बघू नका. वाडीत थांबा आणि त्याच आठवड्यात वर जाऊन आलेला माणूस शोधा.