मदत हवी आहे: लाल फ्लोरिबंडा गुलाबाची पालवी पिवळी, घोस विरळ

मृद्गंध: पुण्यात घराच्या आवारात 'युरोपियाना' या फ्लोरिबंडा (घोसाने फुलणाऱ्या) गुलाबाची चार झाडं जमिनीत लावलेली आहेत, तिसरं वर्ष. काळी माती, पाणी बोअरचं. नवी पालवी फिकट पिवळी येते, शिरा मात्र हिरव्याच राहतात. घोसात तीन-चार फुलं, तीही एकत्र नाहीत. मधलं सुकायला लागल्यावर बाकीची उमलतात. शिवाय ऑक्टोबरच्या छाटणीनंतर दोन फांद्या शेंड्याकडून खाली काळ्या पडत चालल्या आहेत. शेणखत आणि हाडांचा चुरा दरवर्षी घालतो. काय करावं?

काटेसावर: पालवीचं लक्षण लोहाच्या कमतरतेचं आहे. मातीचं कोरडं ढेकूळ घेऊन त्यावर व्हिनेगर टाकून बघा. फसफसलं तर जमिनीत चुनखडी आहे. अशा जमिनीत लोह असतं, पण मुळांना उचलता येत नाही, आणि बोअरचं जड पाणी चुन्यात भरच घालतं. म्हणून नुसता हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकणं वाया जातं. ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह (मुळांना उचलता येईल अशा रूपात बांधलेलं) आणा. ईडीटीए स्वस्त पडतं, पण चुनखडीत टिकत नाही. झाडामागे 5 ग्रॅम पाण्यात विरघळवून ओल्या मातीत द्या. तोवर पानांना आधार म्हणून लिटरभर पाण्यात हिराकस 5 ग्रॅम आणि सायट्रिक आम्ल 1 ग्रॅम, ताजं कालवून संध्याकाळी फवारा, दहा दिवसांनी पुन्हा एकदा. फुलांवर पडू देऊ नका, डाग पडतात.

हाडांचा चुरा बंदच करा. चुनखडीत त्यातलं स्फुरद (फॉस्फरस) झाडाला जवळजवळ मिळत नाही. त्याऐवजी निंबोळी पेंड, झाडाला 200 ग्रॅम. आळ्यात पाणी साचत असेल तर आधी ते काढा. काळी माती सतत ओली राहिली की पिवळेपणा वाढतो, मग कितीही लोह द्या.

गुलकंद: घोसाचं सांगते. फ्लोरिबंडात मधली कळी सगळ्यांत आधी फुगते. ती वाटाण्याएवढी झाली की नखाने खुडा, बाकीच्या जवळपास एकदम उमलतात. हायब्रीड टीमध्ये (दांड्यावर एकच मोठं फूल घेतात ते गुलाब) याच्या उलट, बाजूच्या कळ्या काढतात. त्यामुळे बरेच जण इथेही मधलीच जपतात. घोस संपला की एकेक फूल तोडत बसू नका, अख्खा घोस खालच्या पहिल्या पाच पर्णिकांच्या पानावर छाटा.

काळी फांदी म्हणजे शेंडेमर. आतला गाभा स्वच्छ पांढरा दिसेपर्यंत खाली छाटा. तपकिरी छटा दिसली तर आणखी खाली. प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटने पुसा. कापावर बोर्डो पेस्ट लावा: मोरचूद (कॉपर सल्फेट) 100 ग्रॅम, चुना 100 ग्रॅम, पाणी 1 लिटर. दोन्ही वेगवेगळे भिजवून प्लॅस्टिकच्या बादलीत एकत्र करा, लोखंडी भांडं नको.

मृद्गंध: धन्यवाद! वार्षिक छाटणी किती खोल करायची?

गुलकंद: गुडघ्याएवढी, साधारण 45 सेंमी. पाच-सहा जोमदार फांद्या ठेवा, काप बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या (कोंब फुटायच्या जागेच्या) जरा वर.

काटेसावर: एक भर. ही 1963 सालची डच जात रंगाला अप्रतिम, पण भुरी या बुरशीजन्य रोगाला लवकर बळी पडते. थंडीत कोवळ्या पानांवर पांढरी पूड दिसताच पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम फवारा. पारा 32 अंशांवर जायला लागला की गंधक थांबवा, पानं करपतात. आणि कलमाच्या सांध्याखालून खुंटाचा जंगली फुटवा आला तर वरून कापू नका. माती बाजूला करून बुडाशी ओढून काढा, नाहीतर तिथूनच दोन येतात.