अनुभव धागा : वाढत्या महागाईत कोणती मदत मिळाली, कुणामुळे कळली आणि कुठे अडली?

धाग्याची सुरुवात – निवृत्त शिक्षिका, यवतमाळ जिल्हा

खरीप 2025 मध्ये बीटी कापसाच्या बियाण्याच्या पाकिटाची किंमत 864 रुपयांवरून 901 रुपयांवर गेली. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5328 रुपये जाहीर झाला, तरी आमच्या गावातील बहुतेकांनी सोयाबीन दिवाळीच्या तोंडावर त्याहून बऱ्याच कमी दराने विकले, कारण मजुरांचा चुकारा आणि किराणा दुकानातील उधारी खरेदी केंद्र सुरू होईपर्यंत थांबत नाही. दवाखाना, मुलांची फी, गॅस आणि तेल यांचे दर मात्र पिकाच्या भावाकडे पाहून वाढत नाहीत.

अशा घरांसाठी योजना नाहीत असे नाही. उलट पुष्कळ आहेत. परंतु योजनेचे नेमके नाव, ती कोणत्या कार्यालयात चालते आणि तिचा कोणता कागद कोण देतो हे ठाऊक नसेल, तर माणूस तहसीलच्या दारातूनच परत येतो. शाळेतील पालकांसोबत ही कामे करताना मला असे दिसले की ज्या घराला मदत मिळाली, त्या घराला ती बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या अनुभवातून कळली होती. म्हणून हा धागा काढला आहे. आपल्याला काय मिळाले, ते कुणी सांगितले, कोणत्या कागदावर अडले आणि ते कसे सुटले, हे सविस्तर लिहावे. कुणाचे नाव, आधार क्रमांक किंवा खाते क्रमांक येथे टाकू नये.

अंगणवाडी मदतनीस, वर्धा जिल्हा

माझ्या यजमानांनी आत्महत्या केली, तेव्हा मुलगा सहावीत आणि मुलगी तिसरीत होती. शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात शासनाकडून एक लाख रुपयांची मदत मिळते. त्यातील 30 हजार तातडीने दिले जातात आणि 70 हजार ठेवीत ठेवून त्याचे व्याज मिळते. आमचे प्रकरण जिल्हा समितीपुढे गेले आणि अपात्र ठरले. बँक, सोसायटी किंवा परवानाधारक सावकार यांचेच थकीत कर्ज त्यासाठी धरले जाते, आणि आमच्यावर होते ते गावातील एका माणसाकडून घेतलेले हातउसने, ज्याची कुठेही नोंद नव्हती. अपात्र हा शब्द कागदावर आला की गावात सगळ्यांना वाटते, या घराला आता काहीच मिळणार नाही. सासरकडच्या माणसांनी तर फाईल बांधून माळ्यावर टाकली.

आमच्या आशाताईंनी मला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचे नाव सांगितले. या योजनेचा आत्महत्या पात्र की अपात्र याच्याशी काहीही संबंध नाही. आई किंवा वडील यांपैकी एकजण नसलेल्या गरजू घरातील 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ती आहे आणि दर मुलामागे महिन्याला 2250 रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करावा लागतो, तहसीलमध्ये नाही, आणि नेमके हेच गावात कुणाला माहीत नसते. मृत्यूचा दाखला, मुलांचे शाळेचे बोनाफाईड, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, पासबुक, आणि घरासमोर मुलांसोबत उभे राहून काढलेला फोटो एवढे कागद लागले. फोटोसाठी मुलीने शाळेचा गणवेश घातला होता. घराची मातीची भिंत आणि त्यावरचा घर क्रमांक दिसला पाहिजे असे सांगितले होते, म्हणून काढणाऱ्याला दोनदा मागे सरकावे लागले. त्यानंतर बालकल्याण समितीपुढे मुलांना घेऊन जावे लागते. तेथील बाईंनी मुलांशी फार मायेने चौकशी केली, हे मुद्दाम लिहिते, कारण अनेक बाया या भीतीनेच जात नाहीत की मुले काढून घेतील. तसे काही होत नाही. मूल आईजवळच राहते.

दोन मुलांचे मिळून महिन्याला 4500 रुपये मंजूर झाले. पैसे दर महिन्याला येत नाहीत, काही महिन्यांचे एकदम येतात. परंतु ते आले की वह्या, चपला आणि मुलाच्या शिकवणीची फी यांसाठी हात पसरावा लागत नाही. ज्या बहिणींवर माझ्यासारखी वेळ आली आहे, त्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी हे कार्यालय आधी शोधावे. माझे मानधन असल्यामुळे मला संजय गांधी निराधार योजनेचा लाभ मिळत नाही, परंतु नुसत्या मजुरीवर असलेल्या विधवांनी त्याचाही अर्ज करावा.

ग्रामरोजगार सेवक, अमरावती जिल्हा

ताईंनी संजय गांधी योजनेचा उल्लेख केला, म्हणून उत्पन्नाच्या अटीविषयी लिहितो. या योजनेत विधवांना आणि श्रावणबाळ योजनेत वृद्धांना महिन्याला 1500 रुपये मिळतात आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत असावे लागते. आता हिशेब पाहा. रोजगार हमीचा आपल्या राज्यातील दर 2024-25 मध्ये 297 रुपये होता. एखाद्या निराधार बाईने शंभर दिवस काम केले तर तिची मजुरी 29,700 रुपये होते, म्हणजे सरकारनेच दिलेल्या कामामुळे ती सरकारच्याच अटीबाहेर जाते. वीस हजारांत वर्ष काढणारे घर आज कोणत्या गावात सापडेल? ही मर्यादा वाढवावी असे ठराव ग्रामसभांनी करून वर पाठवले पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

तोपर्यंत एक वाट आहे. दारिद्र्यरेषेखालील यादीत कुटुंबाचे नाव असेल, तर त्या यादीचा दाखला ग्रामपंचायतीतून घ्यावा. मग उत्पन्नाच्या आकड्यावर प्रकरण अडत नाही. उत्पन्नाचा दाखला लागणारच असेल, तर लोकसेवा हक्क अधिनियम 2015 प्रमाणे तो 15 दिवसांत देणे बंधनकारक आहे. सेतू केंद्रातून पावती घेतल्याशिवाय घरी येऊ नये, कारण उशीर झाल्यास अपील त्या पावतीवरच करता येते.

मक्त्याने शेती करणारा, अकोला जिल्हा

माझ्या नावाने सातबारा नाही. पाच एकर वावर मक्त्याने करतो, मक्ता आधी भरतो, बी-खत माझे, निंदण-फवारणी माझी. पीएम किसानचे वर्षाला 6000 आणि नमो शेतकरी महासन्मानचे 6000 मूळ मालकाच्या खात्यात जातात, तो अमरावतीला नोकरीला आहे. अतिवृष्टीचे अनुदानही त्याच्याच नावाने येते. मालक भला माणूस आहे, मागच्या वर्षी अनुदानातील अर्धी रक्कम त्याने आपणहून दिली. परंतु ही त्याची माणुसकी झाली, माझा हक्क नाही. या धाग्यावर हे लिहिले जावे अशी माझी इच्छा होती, कारण आमच्यासारख्यांची गणना कुठेच होत नाही.

मला आधार मिळाला तो वेगळ्याच बाजूने. उन्हाळ्यात मी गवंड्याच्या हाताखाली काम करतो. वर्षात 90 दिवस बांधकामावर काम केल्याचे प्रमाणपत्र असले, की इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी होते. वय 18 ते 60 च्या आत असावे लागते. प्रमाणपत्र ठेकेदार किंवा ग्रामसेवक देतात. नोंदणी झाल्यावर पहिली ते सातवीच्या मुलाला वर्षाला 2500 आणि आठवी ते दहावीच्या मुलाला 5000 रुपये शिष्यवृत्ती मिळते. दहावी-बारावीत निम्म्याहून जास्त गुण मिळाले तर 10 हजार. माझ्या थोरलीला नववीत 5000 मिळाले आणि तिची सायकल त्यातूनच आली.

एक इशारा मनापासून देतो. नोंदणीचे शुल्क एक रुपया आहे. आमच्याकडे एजंट लोक त्याचे हजार-दोन हजार घेतात आणि ज्याने कधी विटेला हात लावला नाही त्याचीही नोंदणी करून देतात. अशाने खऱ्या कामगाराच्या अर्जांची तपासणी कडक होते आणि तो मागे पडतो. नोंदणीचे नूतनीकरण दर वर्षी करावे लागते, हेही ध्यानात ठेवावे.

टपाल खात्यातील कर्मचारी, भंडारा जिल्हा

पैसे मंजूर झाले तरी हाती येत नाहीत, असे सांगणारी माणसे मला रोज भेटतात. अशा वेळी आधी एवढेच पाहावे की आधार शेवटचे कोणत्या बँकेशी जोडले गेले. थेट हस्तांतरणाचे पैसे फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जातातच असे नाही. आधार ज्या खात्याशी शेवटी जोडले, तिकडे ते जातात. एका आजीबाईंचे श्रावणबाळचे पैसे काही महिने बंद झाले असे घरचे म्हणत होते. प्रत्यक्षात ते जमा होत होते, पण गावात भरलेल्या एका शिबिरात तिच्या नावाने उघडलेल्या दुसऱ्याच खात्यात, ज्याचे पासबुकही तिला कुणी दिले नव्हते. आधारच्या संकेतस्थळावर किंवा कोणत्याही सेवा केंद्रात हे जोडलेले खाते पाहता येते.

दुसरी अडचण अंगठ्याची. रोवणीच्या दिवसांत चिखलात राहून बोटांच्या रेषा पुसट होतात आणि यंत्र अंगठा घेत नाही. मी आजीला हात साबणाने धुवून पदराला कोरडे करायला लावतो, मग अंगठा सोडून अनामिका ठेवायला सांगतो. पुष्कळदा ती चालते. तरीही न चालल्यास आधार केंद्रात ठसे नव्याने देता येतात. ‘तुमचे पैसे आलेच नाहीत’ असे यंत्राकडे पाहून कुणी म्हणाले, तर त्यावर विश्वास ठेवू नये. पासबुक भरून घ्यावे.

शेतकरी, गोंदिया जिल्हा

माझा धाकटा भाऊ शेताच्या धुऱ्यावर साप चावून गेला. तो तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत गेलेला होता आणि वडीलधाऱ्यांचे म्हणणे होते की त्याच संध्याकाळी माती द्यावी, चिरफाड करू नये. आमच्या पोलीस पाटलांनी मात्र हात जोडून सर्वांना थांबवले, पंचनामा केला आणि शवविच्छेदन करून घेतले. त्या घडीला त्यांचा राग आला होता हे खरे, परंतु गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचे 2 लाख रुपये वहिनीला त्या अहवालाच्या आधारेच मिळाले.

वय 10 ते 75 मधील खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील आणखी एक व्यक्ती यांच्यासाठी ही योजना आहे. सर्पदंश, विजेचा धक्का, फवारणीची विषबाधा, रस्त्यावरील अपघात यांचा तिच्यात समावेश होतो. सातबारा वडिलांच्या नावाने असला तरी मुलाच्या मृत्यूचा दावा करता येतो. अर्ज 30 दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकारी कार्यालयात द्यायचा असतो. दुखवट्याचे घर तेरवीपर्यंत बाहेर पडत नाही, त्यामुळे कागद गोळा करायला दोन आठवडेच उरतात. म्हणून हे काम घरच्यांवर न टाकता भावकीतील एखाद्या जाणत्याने अंगावर घ्यावे. वीज पडून मृत्यू झाला असेल तर तहसीलमधून नैसर्गिक आपत्तीची 4 लाखांची मदत वेगळी आहे, ती आधी विचारावी.

विद्यार्थिनी, वाशीम जिल्हा

मी इतर मागासवर्गातील असून नागपूरला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयामुळे आठ लाखांच्या आतील उत्पन्न असलेल्या घरांतील आमच्यासारख्या मुलींचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. प्रवेश मात्र केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतूनच (कॅप) झालेला असावा. खोली आणि मेस यांचा खर्च त्यात नाही, आणि घरची खरी अडचण तीच होती. त्यासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेत अर्ज केला. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना नागपूरसारख्या शहरात वर्षाला 60 हजार रुपये मिळतात. मला पहिला हप्ता मिळाला आहे, परंतु तो सत्र संपत आल्यावर आला. जूनमध्ये खोलीची अनामत भरण्यापुरते पैसे आधीच बाजूला ठेवावे लागतात, हे बारावीच्या मुलींच्या पालकांना आताच सांगून ठेवावे.

धागाकर्ती

एका भगिनीने विचारले आहे की त्यांचे केशरी कार्ड आहे, धान्य बंद झाले, तर आता काय मिळते? बुलढाणा, अकोला, वाशीम, अमरावती, यवतमाळ आणि वर्धा या जिल्ह्यांतील केशरी कार्डधारक शेतकऱ्यांविषयी कुणाला अनुभव असल्यास लिहावे.

रेशन दक्षता समितीचे सदस्य, बुलढाणा जिल्हा

ताई, विदर्भातील हे सहा आणि मराठवाड्यातील आठ अशा 14 जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकरी कुटुंबांना 2015 पासून दोन रुपयांनी गहू आणि तीन रुपयांनी तांदूळ मिळत असे. 2023 पासून धान्याऐवजी माणशी महिन्याला 150 रुपये खात्यात येऊ लागले, आणि 2024 मध्ये ते 170 झाले. पाच माणसांच्या घराला वर्षाचे 10,200 रुपये होतात. माणशी पाच किलो धान्याच्या जागी 170 म्हणजे किलोमागे 34 रुपये. त्या दरात आमच्या किराणा दुकानात बरा तांदूळ येत नाही, म्हणून मला स्वतःला धान्यच बरे वाटते. तरीही जे मिळते ते सोडू नये.

अर्जासोबत रेशनकार्ड, सातबारा, सर्व सदस्यांचे आधार आणि पासबुक जोडून रास्त भाव दुकानदाराकडे किंवा तहसीलच्या पुरवठा शाखेत द्यावे. पासबुक कार्डावरील महिला कुटुंबप्रमुखाचेच हवे. आमच्या गावात पुरुषांची पासबुके जोडलेले अर्ज परत आले होते. ज्या बायांची खातीच नव्हती त्यांची खाती उघडून ते आता पुन्हा भरून देत आहोत. आपल्या गावातील अर्ज तसेच पडून आहेत का, हे पुरवठा निरीक्षकांकडे यादी मागून पाहावे. यादी दाखवायला ते नाही म्हणत नाहीत.