जुने बिलिंग कीबोर्ड: वायर ओळखताना तुमचं काय काय झालं?

परवा जुन्या बाजारात दीडशे रुपयांत काऊंटरवरचा कीबोर्ड मिळाला, वर कार्ड घासायची खाच, कोपऱ्यात किल्लीचं लॉक आणि वायरीच्या टोकाला जाडजूड गोल पाच पिनांचा डिन प्लग. घरच्या जुन्या पीसीला लावला, तीन दिवे चमकले आणि मग ढिम्म. दोन दिवस पिना घासत बसलो. शेवटी खालचा स्टिकर सोलला तर आत टाचणीने सरकवायचं इवलंसं बटण, एकीकडे एक्स, दुसरीकडे ए! एक्सटी आणि १९८४ चा एटी, आयबीएम पीसीच्या दोन पिढ्या, प्लग सेम पण भाषा वेगळी. तुमचेही असले किस्से येऊ द्यात, फजितीचे आधी.

खटखट्या
बटण असलं तर नशीबच म्हणायचं, नसेल तर एक्सटीला मधे कन्व्हर्टर लागतोच. एटीचं मात्र सोपं, पीएस/२ (नंतरचा छोटा गोल प्लग) करायला नुसत्या वायरी बदलायच्या: क्लॉक १ वरून ५ वर, डेटा २ वरून १, ग्राउंड ४ वरून ३, पाच व्होल्ट ५ वरून ४. फक्त डिनच्या पिना ओळीने मोजू नका, क्रम १-४-२-५-३ असा आहे. मी ओळीने मोजल्या होत्या, पुढचं विचारू नका.

गल्लेवाली
माझ्या कीबोर्डाला फोनसारखा चौकोनी प्लग होता आणि बिल प्रिंटरमागे तसंच भोक रिकामं, बसला की खट्टकन! ते भोक कॅश ड्रॉवरचं, तिथे २४ व्होल्ट उभे असतात आणि कीबोर्ड बिचारा पाचवर जगणारा. वास दोन दिवस गेला नाही. तेव्हापासून आधी मीटर, मग प्लग.

डॉलरकाका
इकडे अमेरिकेत गराज सेलला आयबीएमच्या ४६८३ या दुकानी बिलिंग टर्मिनलचा ५० कीजचा कीबोर्ड घेतला. मॉडेल एम या आयबीएमच्याच पीसी कीबोर्डाची सुटी वायर घरात पडून होती, म्हटलं सोल्डर मारू. पण हा गडी टर्मिनलशी आरएस-४८५ या वेगळ्याच सिरियल जोडणीवर बोलतो, पीसीवाले कोड त्याच्या गावीच नाहीत. वायर कितीही बदला, काय उपयोग? आत मायक्रोकंट्रोलर बसवला तेव्हा कुठे अक्षरं उमटली.

कळफलक
आमचा पीएस/२ च, म्हणजे कनेक्टरचा काही त्रास नाही. पण एक की दाबली की नोटपॅडात ००४७ आणि एंटर! कीजमध्ये भरून ठेवलेली जुनी मेमरी पुसलीच नव्हती कोणी. पारदर्शक टोपी काढली तर खाली चिठ्ठी, तेलकट, 'साबु. वडा'. मग काय, रात्री बसून सगळं मेनूकार्ड उघडलं, उपवास थाळी ००६१, पियुष ००१२. एका टोपीखाली पेनने 'काका उधार' लिहिलंय आणि ती दाबली तर नुसतंच एंटर येतं.