जटामांसी चिखलदऱ्याच्या पठारावर येईल का?

प्रश्न (चिखलदरा तालुका)
पठारावर दोन एकर आहे, उंची अंदाजे १,१०० मीटर. काळी माती, खाली मुरूम. जटामांसीची रोपं विकणारा म्हणतो, शेडनेट टाकली की इथंही होते. लावावी का जी? नसेल जमत, तर नेमकं काय आडवं येतं?

उत्तर
नका लावू भाऊ. ही हिमालयात साधारण ३,००० ते ५,००० मीटरवरची औषधी वनस्पती. हजार मीटर चढलं की हवा सुमारे साडेसहा अंशांनी गार होते. तुमचं पठार ते ३,५०० मीटर, नुसत्या उंचीनंच पंधरा-सोळा अंशांचा फरक. शेडनेट ऊन अडवते, हवा गार करत नाही. पॅड-फॅन, म्हणजे ओल्या पडद्यातून पंख्यानं हवा ओढून गार करायची सोय, एप्रिलच्या कोरड्या हवेत चालतो. जुलैत हवाच ओलीगच्च, पाणी उडत नाही आणि गारवाही येत नाही. जटामांसीच्या वाढीचे महिने नेमके तेच. शिवाय रात्री गरम असल्या की पानांनी दिवसा केलेलं अन्न श्वसनातच खर्च होतं, जमिनीतलं मूळखोड पोसत नाही. विकायचं तर तेच असते.

उत्तर
थंडी हा अर्धाच हिशेब. खरा कारभार बर्फाचा आहे. थंडी सुरू झाली की झाड वरून वाळतं आणि मूळखोड बर्फाखाली निजतं. जाड थर गोधडीचं काम करतो: वर हवा उणे पंधरा, खाली माती शून्याच्या आसपास. वारा जिथं बर्फ उडवून नेतो, तिथं माती गोठते, फुगते, पुन्हा वितळते. कोवळी मुळं तुटून रोप उपटून येतं. उलट खोलगट जागी बर्फ इतका उशिरा वितळतो की बी पिकायला दिवसच पुरत नाहीत. जटामांसी या दोहोंच्या मधे तगते, त्यातही उत्तरेकडच्या ओलसर, खडकाळ उतारावर. शेवाळलेल्या दगडाच्या सावलीत कुजक्या पाल्याचा थर असतो, मुळं त्यातच पसरतात. त्याच दगडाची दक्षिण बाजू लवकर सुकते, तिथं गवत.

म्हणून जटामांसी कुठं कुठं होते हे एक किलोमीटरच्या चौकटींवर दाखवणारे नकाशे जपून वाचावेत. तीस अंशांच्या उतारावर एकाच चौकटीत साडेपाचशे मीटरची चढण, म्हणजे साडेतीन अंशांचा फरक बसतो.

उत्तर
मातीचंही पाहा. तिकडची माती आम्लधर्मी, भुसभुशीत. आपल्या काळ्या मातीचा सामू (पीएच) बहुधा साडेसात ते साडेआठ. ढेकळावर विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाका. फसफसलं तर चुनखडी आहे. मग लोह असूनही मुळांना मिळत नाही: नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. गंधक टाकून सामू उतरवला तरी चुनखडी तो परत चढवते. त्यात पावसाळ्यात चिकणमाती फुगून निचरा बंद, की मूळकुज ठरलेली.

रोपं कुठून आणली तेही विचारा. रानातून उपटून उपटून ही जात अतिसंकटग्रस्त यादीत गेली आहे. औषधीच लावायची तर सफेद मुसळी घ्या, ती आपल्या सातपुड्यातलीच. जूनमध्ये गादीवाफ्यावर ३० बाय १५ सेंटिमीटरवर लावा. आधी फूटभर खड्डा खणून पाण्यानं भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी साचलेलं दिसलं तर त्या तुकड्यात मुसळीही नको.